थंडा गॅस

मंगळवार, संध्याकाळ. सौंसर.

"घरात कोनी मेलं का? गॅस काहून नाही पेटला?" सासूबाईंचे हे शब्द सकाळपासून डोक्यात घुमून राहिले. सुतकातच चूल थंडी राहते, हे मला माहीत नाही का?

पण मी केलं काय? नाश्त्याला वाट्यांमध्ये घट्ट दही, त्यात केळं, बागेतल्या संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी, वरून गूळ. बस. नोकरी लागल्यापासून सगळ्यांना गरम पोहे देऊन मी बोरगावच्या बसमध्ये उपाशी उभी राहते. आज पहिल्यांदा बसून खाल्लं. त्यासाठी कोणाला मरावं लागतं का?

ह्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि आईंसमोर तोंडातून शब्द नाही काढला. त्याचाच जास्त राग येऊन राहिला. गॅस थंडा दिसला सगळ्यांना. माझं थंडं पोट इतके दिवस कोणाला दिसलं?

आता उत्तर सुचलं. दूध विरजून ठेवलं आहे, उद्याही गॅस पेटणार नाही. आईंनी पुन्हा विचारलं तर सांगीन, मेलं कोणी नाही आई, तुमची सून जेवून चालली.