माझे बुधवारचे श्रोते

३ मार्च, बुधवार
आजची सभा जबरदस्त! विषय : स्मृतिभ्रंशाला सामोरे जाताना. दोन तास बोललो. घरी असा पेशंट सांभाळणारी ही माणसं, पण काय ती एकाग्रता! माना खाली, डोळे मिटलेले. पेशंट मंडळी तेवढा वेळ शेजारच्या खोलीत नर्सबाईंकडे असतात. बिचारीला माझं एकही भाषण ऐकायला मिळत नाही.

वहिनी पहिल्या रांगेत. दादाचं सगळं आवरून, त्याला घेऊन येतात, पण एक बुधवार चुकवत नाहीत. आमच्या घराण्यात एका तरी माणसाला माझी कदर आहे.

देणग्या आटल्यात. अनुदान मिळालं नाही तर महिनाअखेर नर्सबाई बंद, म्हणजे बुधवारच बंद. पण मी केंद्राचा अध्यक्ष असताना काळजी कसली?

५ मार्च
संकल्प. सकाळी आरशासमोर भाषणाचा सराव. संध्याकाळी दादाकडे तासभर बसायचं. सख्खा मोठा भाऊ आहे. शिवाय भाषणात किस्से लागतात.

६ मार्च
सराव झाला. त्यात घसा बसला, म्हणून दादाकडे गेलो नाही.

८ मार्च
दादाकडे गेलो. झोपला असेल असं वाटलं, बेल न वाजवताच परतलो. झोपमोड करणं बरं नव्हे.

१० मार्च, बुधवार
स्वतःच्या खिशातून माइक आणला. पहिल्याच 'बंधुभगिनींनो'ला वहिनी दचकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भावजी, माइक नको, तुमचा नुसता आवाजच छान आहे. आमचे खजिनदार (यांची बायको पेशंट) म्हणाले, एका लयीत बोला, चढउतार नकोत, आणि जमलं तर अर्धा तास वाढवा.

वाढवा! विम्याच्या ऑफिसात जन्म गेला, कोणी धड एक वाक्य पुरं करू दिलं नाही. डोळेच भरून आले.

हल्ली काहीजण उशा आणतात. पाठीला आधार लागतो, वयं झाली.

१५ मार्च
अनुदानवाल्या बाई परवा स्वतः पाहणीला येणार! टाळ्या कुठे वाजवायच्या ते वहिनींना फोनवर समजावलं. हो हो म्हणाल्या, पण लक्ष नव्हतं. दादा रोज रात्री दार उघडून बाहेर चालू लागतो म्हणे. म्हटलं, कुलूप लावा. एवढं साधं लोकांना सुचत कसं नाही?

१७ मार्च, बुधवार. दुपारी ४
दगा! शुद्ध दगा!

कागदावरून वाचत होतो. हुकमी विनोद केला. हशा नाही. चष्मा वर करून बघतो तर वहिनी सतरंजीवर आडव्या. खजिनदार घोरतायत. अख्खी सभा गाढ झोपलेली. आणि दारात अनुदानवाल्या बाई!

सगळ्यांना उठवायला टेबलावर हात आपटणार, तोच बाईंनी पुढे येऊन माझा हात धरला. तोंडावर बोट ठेवलं. मला, अध्यक्षाला! मग चपला हातात घेऊन नर्सबाईंच्या खोलीत गेल्या.

संध्याकाळी ७
वहिनींना जाब विचारला. वाटलं, माफी मागतील. कसली माफी! म्हणाल्या, कुलूप लावलं तर हे दार बडवत बसतात. धड झोप अशी वर्षानुवर्षं नाही. तुमचं भाषण सुरू झालं की कळतं, आता दोन तास मला कोणी हाक मारणार नाही. त्या झोपेवर मी आठवडा काढते, भावजी. आणि रडायला लागल्या.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना! माझ्या पाठीमागे, खरं तर माझ्या तोंडासमोर. घरच्याच माणसाने असा गळा कापावा?

१८ मार्च
राजीनामा द्यायचं ठरवलं. विनवण्या करायला येतील, तेव्हा आढेवेढे घ्यायचे.

२१ मार्च
कोणी आलं नाही.

२४ मार्च, बुधवार
सभेवर बहिष्कार. आता कळेल माझी किंमत.

रात्री खजिनदारांचा फोन. वाटलं, आली विनवणी! तर म्हणे, पंखा मोठा ठेवला, त्याचा आवाज साधारण तुमच्यासारखाच येतो, काही अडलं नाही.

२६ मार्च
अनुदान मंजूर! बाईंचाच फोन. दोन तासांची निर्धास्त झोप देणारं केंद्र त्यांनी दुसरं पाहिलं नाही म्हणे. गाद्या मिळणार, पडदे मिळणार, आठवड्यातून दोन दिवस. भाषणाचं विचारलं, तर म्हणाल्या, त्याची आता गरज नाही. मात्र नर्सबाईंच्या हाताखाली घरचं एकेक माणूस आळीपाळीने हवं. पहिली पाळी अध्यक्षांची, असं वहिनींनी सुचवलंय.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तरी जाणार. दोन तासांत काय अवघड आहे?

३१ मार्च, बुधवार
दादाच्या शेजारी बसलो. तो सारखा उठतो, ऑफिसला उशीर झाला म्हणतो. मी खरं ते सांगितलं, दादा, तू रिटायर झालास. चेहरा उतरला त्याचा. मला कोणी कसं सांगितलं नाही, म्हणाला. पुन्हा उठला. पुन्हा तेच सांगितलं, आणि पुन्हा त्याला ते नवीनच. शेवटी त्याच्याकडे बघवेना. म्हटलं, आज सुट्टी आहे रे. खुशीत बसला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, सुट्टी आहे तर आपण आमच्या भावाकडे जाऊ या, तो काही कधी येत नाही.

दोन तास संपेपर्यंत मलाच जांभया यायला लागल्या. वहिनी पलीकडून डोळे चोळत आल्या, चेहरा कसा टवटवीत. त्यांना हळूच विचारलं, पुढच्या वेळी मला एक गादी मिळेल का.

म्हणाल्या, भावजी, गाद्या फक्त सांभाळणाऱ्यांसाठी आहेत.