माळेतली सीताफळाची बी

आत्याबाई, घरोघर फिरता फिरता काल मरियामाता आपल्या घरी मुक्कामाला आली होती. आज सकाळी शेजारी गेलीसुद्धा. तुम्ही असतात तर मूर्ती उंबऱ्याबाहेर पडायच्या आत सगळ्या वस्तीला चहा पाजून झाला असता. मी मात्र दूध उतू घालवून कागद घेऊन बसले आहे. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं पोट दुखायचं राहणार नाही!

तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा तुमच्या नातवाला, माझ्या पोराला, मिसरूडही फुटलं नव्हतं. आता तो जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात जातो आणि त्याचं लग्नही झालं. सून वसईकडची आहे. चर्चमधली मिस्सा, उपवास सगळं आपलंच, पण बाकी सगळं वेगळं. तिकडे समुद्र आणि नारळ, इकडे कापूस आणि ज्वारी. भाकरी थापताना तिचे हात पिठात रुतून बसतात आणि आपल्या बायका मायेने का होईना, हसतात. पोर दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. गेल्या आठवड्यात म्हणाली, "मम्मी, मी घरी जाऊ का? यायचं मग बघू." रविवारचं जायचं ठरलंही. तिचा नवरा म्हणाला, जाऊ दे. मी हो म्हटलं, पण जिवाला घोर लागला. गेलेली पोर परत येते की नाही, हे तिच्या 'बघू'वरून मला कळत होतं.

मला माझेच दिवस आठवत होते. जुन्या जालन्यातल्या कापडदुकानांच्या गल्लीतून मी लग्न होऊन या वस्तीवर आले, तेव्हा चुलीपुढे बसून रडायची. तुम्ही वळूनही बघितलं नाही. म्हणालात, "रडायचं असंल त भाकरी थापता थापता रड, पीठ वाळून राह्यलंय." किती राग आला होता मला! त्याच हंगामात कापूस वेचताना तुमची जपमाळ बोंडाला अडकून तुटली. सगळे मणी सापडले, एक सापडला नाही. तुम्ही खाल्लेल्या सीताफळाची एक बी उचलली, दाभणाने भोक पाडलं आणि ओवून टाकली. काम भागलं. मग एक दिवस पिंजारी दारात उभा. आपल्या गादीचा कापूस पिंजताना त्याला मणी मिळाला होता. "बडी अम्मा, देखो, तुमारा मनी. कपास में था." सगळे म्हणाले, आता बी काढा, मणी घाला. तुम्ही मणी घातलात, पण बी काढली नाही.

"गरजंला धावून आली ती. आता तिला हाकलू का? बसू द्या दोघांलाबी," असं म्हणालात आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. त्या दिवशी मी कोरडी भाकरीही पोटभर जेवले.

तेव्हापासून आपल्या वस्तीत जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी चौथ्या रहस्याला दहा नाही, अकरा 'नमो मरिया' होतात. तुम्ही नव्वदी ओलांडून गेलात, पण तो अकरावा तसाच राहिला. किती फादर आले, पोटतिडकीने दहा म्हणजे दहा असं शिकवून थकले. तुमचं उत्तर ठरलेलं, "फादर, तुमी आधी जेवून घ्या." आता तर पोरांना वाटतं, जगभर असंच म्हणतात.

आणि नेमकं हेच सुनेला सांगायचं मी विसरले! ज्या घरी मूर्ती, त्या घरच्या बाईने माळ चालवायची, ही आपली रीत. काल मी तुमची माळ तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तू चालव. काय गोड आवाज लागला तिचा! भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याही सावरून बसल्या. चौथ्या रहस्यात दहा झाले आणि तिने रहस्य संपवणारं 'पित्याला, पुत्राला' सुरू केलं. तर सगळी खोली एका सुरात 'नमो मरिया' म्हणून पुढे निघाली. ती थांबली. बोट त्या खरबरीत बीवर अडकलेलं, चेहरा कावराबावरा. आपणच चुकलो असं वाटून तिचे डोळे भरले.

दारातल्या बाजेवर पिंजारी बसला होता. आता दिसत नाही त्याला नीट, पण मूर्ती आली की प्रसादाला येतोच. तोच बोलला, "आगे चल बेटी, गलती नही हुई. वो मनी बाद में आए सो लोगां का है. तेरी सास उसी में की है. तू भी."

आत्याबाई, ती हसली! रडता रडता हसली आणि तो अकरावा 'नमो मरिया' इतक्या मोठ्याने म्हणाली की गोठ्यातली म्हैस ओरडली. मग सगळेच हसले, मूर्तीपुढे! जपमाळ संपल्यावर तिला घेरून बायकांनी बीची गोष्ट सांगितली, प्रत्येकीने वेगळी.

आज सकाळी बॅग भरता भरता म्हणाली, "मम्मी, आईला दाखवायला माळ नेऊ का? दिवाळीच्या आत घरी आणते परत." मी म्हटलं, "परत कशाला आणून देतेस, तुझीच आहे." किती सहज बोलले ना?

हे पत्र तर मी फराळाच्या डब्याखाली कागद म्हणून घालणार आहे, कुणी वाचायचं नाही, तेव्हा खरं सांगते. माळ देताना माझी मूठ उघडत नव्हती. तिनेच एकेक बोट सोडवून माळ घेतली, आणि आत्ता लिहिताना माझा अंगठा नुसत्याच बोटावर ती बी शोधतोय.