मावशीची परवानगी

आई, काल कापड्याला मावशीकडे गेले होते आणि तुझी गोष्ट तिला सांगून बसले. जिला कधी कळू नये म्हणून तू मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होतीस, तिलाच.

पेपरातली नोकरी सोडून मी पन्नाशीत पुन्हा कॉलेजात जाते आहे. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतरचा. एक विषय संशोधन पद्धतींचा, म्हणजे लोकांना प्रश्न कसे विचारायचे आणि त्यांच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा. दुसरा जागतिक आरोग्याचा. त्या तासाला सर दूरदेशीच्या डोंगरातल्या बायकांबद्दल सांगत होते. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलतात, अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं आणि वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. "का सांगत नसतील?" सरांनी विचारलं. माझ्या निम्म्या वयाची मुलं पुस्तकातली कारणं देत होती. मी हात वर केला.

मी महाडजवळचं सवचं गरम पाण्याचं कुंड सांगितलं. मी सातवीत आहे. लावणीसाठी आपण डोंगरावरून मावशीकडे उतरलो आहोत, आणि लावणी संपल्यावर गुडघ्यांचं निमित्त काढून तू सवला निघतेस. मावशी अंगणातून ओरडते, "निघाल्या आक्काबाई न्हायाला! घडीघडी बांधावर बसून पन अंग दुखतं काय गो?" शेजारणी हसतात, तूही हसतेस. कुंडावर बायका गरम पाण्यात पाय सोडून बसल्या आहेत. तू बाजूला थांबतेस, शेवटची बाई निघून जाईपर्यंत. मग माझ्या हातात जुनं लुगडं देतेस, आडोसा धरायला. धरता धरता मला दिसतं. तुलाही कळतं की मला दिसलं. परतताना महाडच्या स्टँडवर तू शपथ घालतेस. "मावशीला बोलू नको. आता आळशी म्हणते, ते बरं हाय. कळलं तर कीव करील. ती नको मला."

हे सगळं मी वर्गात सांगितलं, अगदी तुझ्या शब्दांत. चांगलं वाक्य कुठे ठेवायचं हे मला नोकरीने शिकवलं आहे, तुझं मी शेवटी ठेवलं. वर्ग गप्प झाला. सर म्हणाले, आपल्या गटाचा अहवाल याच गोष्टीने सुरू करू, गावाच्या नावासकट. आमच्या गटाची बायकांच्या दुखण्यांची पाहणी कापड्यातच झाली होती, अहवालही तिथल्या बायकांपुढे मराठीत वाचला जाणार होता. हे ठाऊक असूनही मला आनंद झाला, आई. घरी येऊन मी ते पानभर लिहूनही काढलं.

फक्त परवानगी हवी होती. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातलगाची. मी गटात असल्यामुळे माझी सही चालत नव्हती, आणि सख्खी म्हणावी अशी उरली आहे ती मावशीच. परवानगी कशी घ्यायची हेही आम्हाला शिकवलं आहे. आधी सगळं नीट समजावून सांगायचं, मग विचारायचं. मी चुलीजवळ बसून तसंच केलं. दुखणं सांगितलं, कुंड सांगितलं, लुगडं सांगितलं. निम्म्यावर आले तेव्हा मावशीच्या हातातला चहा तसाच होता, आणि मी काय करते आहे ते मला तेव्हा कळलं. पोलादपूरहून कापड्यापर्यंतच्या रस्त्यात तुझी शपथ एकदाही डोक्यात आली नव्हती. वर्गात शिकवलेल्या पायऱ्या मनात म्हणत आले होते मी.

"माझ्या वाफ्यात उभी व्हती गो ती," मावशी म्हणाली. "दिवसभर वाकून. आन मी तिला..." पदर तोंडाला लावून बसली. मग एकदम माझ्यावर उखडली. "तुला ठावं व्हतं? इतकी वर्सं? आन तू मला हसून बोलत व्हतीस?" मी मान हलवली. तू जिच्यापासून लपवलंस, तिला आता तू नसताना ते पेलायचं आहे. तिला तुझ्याकडे येऊन दोन शब्द बोलायचीही सोय नाही.

निघताना तिनेच विषय काढला. "लिही. गावाचं नाव पन लिही. किती बाया अशाच बसल्यात गप. आमची सून पन कायतरी लपवते, मला वाटतं. सभेला मी येनार, पुढं बसनार."

रात्री सरांना कळवलं, ती गोष्ट काढून टाका, परवानगी मिळाली नाही. त्यांचं लगेच उत्तर आलं. गावाकडची जुनी माणसं, समजू शकतो, असं. मी ते खोडून काढलं नाही. मावशीने होकार दिला होता, आई. नको होतं ते मला. तुझ्या वाक्यावर वर्ग गप्प झाला तेव्हा मी खूश झाले होते, आणि ते पान कापड्यात मोठ्याने वाचताना मावशी पुढे बसून माझ्याकडे बघणार होती. एवढ्यासाठी मी नकार तिच्या नावावर लावला, आणि तिला अजून कळवलेलं नाही.