बाबांवरचं गाणं

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार,

मी ठीक आहे. घसा बसलाय, पण रोज पंक गाणी ओरडून म्हणणाऱ्या बाईचा घसा दुसरं काय करणार? जेवते वेळेवर. आईचा खोकला थांबला का?

दादाने फोनवर सांगितलं, तुम्ही माझं ते गाणं ऐकलंत. गिटारपायी बापाने पोरीला घराबाहेर काढलं, तेच. त्याच गाण्याने मला नाव मिळालं, म्हणून प्रत्येक कार्यक्रमात ते शेवटी म्हणते.

त्या फोननंतरच्या शनिवारी मात्र तोंडातून त्याचा शब्द फुटेना. माझ्याऐवजी सगळा हॉलच गायला लागला. अनोळखी पोरंपोरी मुठी वळून माझ्या बापाला शिव्या देत होती, आणि त्या शिव्या मीच शिकवलेल्या.

मी माइकवर ओरडले, "थांबा! दुसऱ्या दिवशी तेच बाबा बसस्टँडवर आले होते. गिटार भिजू नये म्हणून स्वतःचा रेनकोट तिला गुंडाळला त्यांनी!"

आमची ड्रमवाली बघतच राहिली. लोकांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेनकोट गाण्यात आला असता तर राग टिकला नसता, म्हणून मी तो मुद्दाम गाळला होता. फार लाज वाटते, बाबा.

"आवाज छान लागलाय," गाणं ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, असं दादा सांगत होता. त्यापेक्षा चिडला असतात तर बरं झालं असतं.

रविवारी घरी येतेय. मनात असेल ते सगळं बोला. मी उलट उत्तर देणार नाही.

तुमची,
तोंडाळ लेक