चीनचं व्याख्यान आणि बापूसाहेबांचा प्रश्न

देगलूर

ती. दयानंदमामांना श्रीशैलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी जिने चढायचं बंद केलं का? आम्ही सगळे बरे आहोत. (म्हणजे ताप-खोकला कुणाला नाही. बाकीचं सांगतो.) फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण फोनवर बोललेलं हल्ली इथं कुठं पोचेल याचा भरवसा नाही.

तुम्ही आमच्या शिक्षणसंस्थेचे जुने सभासद, तेव्हा अध्यक्ष बापूसाहेबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी मला, राज्यशास्त्राचा माणूस म्हणून, चीनच्या कारभारावर व्याख्यान द्यायला लावलं. मी जीव तोडून वाचलं. (एवढं पीएच.डी.ला वाचलं असतं तर, असं तनुजा म्हणाली.) सभागृह भरलेलं, बापूसाहेब पहिल्या रांगेत. मी रंगात येऊन सांगितलं, की तिथल्या वरच्या वर्तुळात कोण पडलं हे लवकर कुणी जाहीर करत नाही. बातम्यांतून कुणाचं नाव गळलं, बैठकीला कोण दिसलं नाही, यावरून ओळखावं लागतं. त्यासरशी अख्ख्या सभागृहानं उपाध्यक्ष शेषेरावांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. (शेषेराव नांदेडला दाढ काढायला गेले होते, पण हे मला नंतर कळलं.) मी तिथंच थांबायचं, तर पुढं म्हणालो, की राष्ट्राध्यक्षानं लागोपाठ दोनदाच पद घ्यावं ही अट त्यांनी २०१८ साली घटनेतून काढली आणि वारस अजून नेमला नाही, कारण वारस नेमला की माणसं त्याच्या दारात जाऊन बसतात. आमच्या संस्थेची घटना बापूसाहेबांनी गेल्याच दिवाळीत अशीच बदलली, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. बापूसाहेब उठले आणि आभाराआधीच निघून गेले.

तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरलो की सगळ्यांना तासाची आठवण व्हायला लागली. प्राचार्य मला जिन्यात बघून परत वर गेले. तनुजानं माहेरी कंधारला भाड्याच्या खोल्यांची चौकशी केली. शेवटी बापूसाहेबांचा निरोप आला: घरी या, एकटे.

अंगणात बसले होते. बाकीच्यांना त्यांनी बाहेर घालवलं आणि खाली बघत म्हणाले, "सर, तिथल्या मोठ्या माणसाला खरं कोण सांगतं हो?"

"तीच तर तिथली अडचण हाय, बापूसाहेब. माणूस जितका वर, तितकं त्याला वाईट ऐकवायला कुणी धजत न्हाई."

"इथं बी तसंच हाय. लई वर्षं झाली, मला कुणी न्हाई म्हणलं न्हाई." मला, खरंच सांगतो, पोटातून वाईट वाटलं. मग एकदम मान वर करून म्हणाले, "तुम्ही सांगा. माझ्यामागं संस्था कुणी बघावी?"

मामा, शेषेराव म्हणावं तर शेषेराव संपले. बापूसाहेबांच्या मुलाचं नाव घ्यावं तर ते धडधडीत खोटं. कुणीच नाही म्हणावं तर मी संपलो. मी घाम पुसला आणि एक नाव घेतलं. ते "हाव" एवढंच म्हणाले. नोकरी शाबूत आहे.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
श्रीशैल

ता.क. नाव तुमचंच घेतलं. त्या घडीला दुसरं सुचलंच नाही.

आणखी ता.क. बापूसाहेब रविवारी लातूरला तुमच्याकडं जेवायला येऊन राहिलेत. 'सहज' म्हणाले. भाजीत तिखट कमी ठेवा. संस्था सांभाळता का असं विचारलं तर कृपा करून नाही म्हणा. मात्र लगेच म्हणू नका. लगेच नाही म्हणणाऱ्याचा त्यांना जास्त संशय येतो. फार विचार करूनही म्हणू नका.