भरतीची वेळ ७.०५

२ फेब्रुवारी, सोमवार
पक्षीमित्र मंडळाचा मेळावा २१-२२ तारखेला. सहलींचं नियोजन माझ्याकडे आलं. वीस वर्षं हे काम आत्या करत होती. आता तिचे गुडघे नाही म्हणतात. माझं पद: हंगामी सहलप्रमुख. कायमचं नाव रविवारी समारोपात जाहीर होईल. मला पदात रस नाही.
बिल्ला छापायला दिला. ‘हंगामी’ हा शब्द मापात बसेना, गाळला.

३ फेब्रुवारी
तीन सहली. तळं, टेकडी, खाडी. तळं आणि टेकडी कुणीही नेऊ शकेल, म्हणून इतरांना दिल्या. खाडी मी नेणार. तत्त्व सोपं आहे. भरती आली की चिखल बुडतो आणि चिखलात चरणारे पक्षी सरकत सरकत बांधापाशी येतात. मग दुर्बीणही लागत नाही. बंदराच्या छापील तक्त्यात २१ तारखेची भरती सकाळी ७.०५. आपण ६.४० ला पोचायचं, ७.५० ला निघायचं.
आत्याचा फोन. म्हणाली, अगं, तक्ता बंदराचा आहे, खाडीत पाणी सावकाश येतं, त्याला तुझं वेळापत्रक कुणी वाचून दाखवलेलं नाही. मी म्हटलं, तक्ता मिनिटापर्यंत अचूक आहे. म्हणाली, असेल हो, बंदरात.

५ फेब्रुवारी
आत्याने तिची जुनी वही पाठवली. पेन्सिलीने लिहिलेली, चहाच्या डागांसकट. मी दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचे वजनकाटे आणि तापमापकं तपासून प्रमाणपत्रं देते. अप्रमाणित नोंदी घरी येऊन वाचायच्या नाहीत, हा नियम आहे.
टेबल मात्र महिनाभर डगमगत होतं. वहीची जाडी मोजली: १४ मिलिमीटर. आखूड पायाखाली नेमकी बसली. आत्याची मदत झाली नाही असं कुणी म्हणू नये.

७ फेब्रुवारी, शनिवार
बसच्या ड्रायव्हरला घेऊन पूर्वपाहणी. अंतर ११.४ किलोमीटर. वेळ २३ मिनिटं. बांधावर चढायला १७ पायऱ्या, तिसरी हलते. स्वच्छतागृहं दोन, एकाला कडी नाही.
तक्त्याप्रमाणे पाणी काठोकाठ हवं होतं. चिखलच होता. वारा उलटा असावा. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, थांबलात तर येईल की. मी थांबायला नाही, मोजायला आले होते. मोजून झालं होतं.

१२ फेब्रुवारी
सभासदांचे प्रश्न. एकीला सासूबाईंना आणायचंय, त्यांना पक्षी आवडत नाहीत पण घरी एकट्या कशा ठेवायच्या. एकाचा कॅमेरा एवढा मोठा की त्याला वेगळी सीट हवी. एकाने विचारलं, हेच पक्षी दुपारी दिसणार नाहीत का.
सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: वेळापत्रक पाहा.

१८ फेब्रुवारी
अध्यक्ष भेटले. दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरचा बोलायला लागला की तोंडात बघतात. म्हणाले, वेळापत्रकात जरा सैलपणा ठेवा, पक्ष्यांना माहीत नसतं. मी सांगितलं, सैलपणा म्हणजे चूक, फक्त आधीच माफ केलेली. ते माझ्या तोंडात बघत राहिले. पटलं असावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सभागृहाच्या भिंतीवर नावनोंदणीचे कागद लावले. खाडीच्या चाळीस जागा वीस मिनिटांत भरल्या. नियोजनावरचा विश्वास. (चाळीसपैकी अकरा जणांनी विचारलं, आत्या येणार ना.) तिचंही नाव आहे, पाहुणी म्हणून.
समारोपात दोन शब्द बोलावे लागले तर, म्हणून चार मिनिटांचं मनोगत लिहून ठेवलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
६.३९. पोचलो. एक मिनिट लवकर.
७.०५. भरती. चिखल.
७.२०. चिखल. किलोमीटरभर लांब काळे ठिपके. सासूबाईंनी विचारलं, दगड आहेत का. एक ठिपका उडाला, म्हणून नोंद केली: पक्षी, अंदाजे ३००, जात अनिश्चित.
७.३५. आत्या घडीचं स्टूल मांडून बसली आहे. म्हणाली, थांबूया ग थोडं. आत्ता कुठे चिखलावर चढतंय पाणी. मी वेळापत्रक दाखवलं. म्हणाली, छान आहे, अक्षरही सुवाच्य आहे.
७.५०. शिट्टी वाजवली. आत्या उठली नाही. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येते कुणाच्या तरी गाडीने. नऊ जण स्वच्छतागृहाकडे गेले ते परत आलेच नाहीत. त्यांत अध्यक्ष. दोन्ही स्वच्छतागृहं रिकामी होती, हे मी तपासलं.
७.५८. तीस जणांसह निघालो. आठ मिनिटं उशीर, माझ्यामुळे नाही.
८.५५. नाश्ता. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. अध्यक्षांनी ग्रुपवर फोटो टाकलेत. पाणी बांधाला टेकलंय. पायऱ्यांवर तुतवार, चिखले, शेकाटे, खेटून. मधोमध चमच्यासारख्या चोचीचे चमचे, सात. आत्याच्या स्टुलापासून दहा पावलांवर. मी चमचा अजून एकदाही जवळून पाहिलेला नाही.
फोटोची वेळ ८.५२. फरक एक तास सत्तेचाळीस मिनिटं.
कॅमेऱ्यावाल्याने विचारलं, परत जायचं का. मी म्हटलं, वेळापत्रकात नाही. त्यानंतर माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. जागा ऐसपैस मिळाली.

२२ फेब्रुवारी, रविवार
समारोप. सभासदांनी आत्यालाच पुन्हा सहलप्रमुखपदाची गळ घातली. ती म्हणाली, माझे गुडघे गेलेत, भाचीलाच द्या, ती वेळेवर येते, पाणीच येत नाही. सभागृह हसलं. आत्या हसली नाही, माझ्याकडे बघत होती. अध्यक्षांनी सहलप्रमुखपद स्वतःकडे घेतलं. माझ्याकडे नाश्त्याची व्यवस्था, कायमस्वरूपी.
शिट्टी परत केली. मनोगत वाचायची वेळ आली नाही. मला पदात रस नव्हता, हे पहिल्या पानावर आहेच.

२३ फेब्रुवारी, सोमवार
आत्याचा निरोप: वही दे ग, परवाचे चमचे लिहायचेत. आणि पुढच्या शनिवारी भरती सकाळी नाही, दुपारी अडीचला आहे, खाडीतली. येतेस का, आपण दोघीच.
वही काढली. टेबल लगेच डगमगायला लागलं. परत देण्याआधी पानं पूर्ण आहेत का तेवढं पाहायचं होतं.
पान ३१. आत्याचं अक्षर: “भाची बरोबर. वय नऊ. बांधावर बसून कंटाळली, म्हणाली, तक्त्यात लिहिलंय तरी पाणी का नाही आलं? म्हटलं, मोज. हलली नाही जागची. एक तास पन्नास मिनिटं. बंदरापेक्षा खाडी तेवढी मागे. हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, पोरीने काढलं.”
खाली माझ्या अक्षरात आकडा. दोनदा अधोरेखित.
तेव्हाचं माझं घड्याळ खेळण्यातलं होतं. तीन मिनिटांची चूक आहे.