नववा आठवडा

३ जानेवारी २००५

माझी खुर्ची गेली! चौदा वर्षं या रंगाच्या कारखान्याचं प्लॅनिंग मी केलं, आणि आज तिथे ऋत्विक बसला. मॅनेजर शरच्चंद्रसाहेबांचा भाचा – बाकी लायकी शून्य. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "कालिंदीबाई, आता कॉम्प्युटरचा जमाना आहे. तुम्ही पॅकिंगकडे बघा." मी हसून "बरं" म्हटलं. हसले कशाला मी! मामा-भाच्याला पाणी पाजलं नाही तर नावाची कालिंदी नाही.

१२ जानेवारी

जर्मन गिऱ्हाईकाचा निरोप आला. त्यांचा माणूस कारखाना बघायला येतोय – नवव्या आठवड्यात, सोमवारी, सकाळच्या गाडीने वीर स्टेशनला उतरणार. हे लोक तारखा सांगतच नाहीत, आठवड्यांचे नंबर सांगतात. ऋत्विकने कॉम्प्युटरमध्ये बघून फळ्यावर लिहिलं – २१ फेब्रुवारी.

त्यांनीच पाठवलेलं कॅलेंडर पॅकिंगच्या भिंतीवर आहे. त्यात नववा आठवडा २८ला सुरू होतो!

१३ जानेवारी

डबा खाता खाता छडा लावला. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीने मोजतो. एक जानेवारी ज्या आठवड्यात पडेल तो पहिला – मग यंदासारखा नुसता एक शनिवार का असेना! रविवारी लगेच दुसरा सुरू. जर्मनांचा आठवडा सोमवारचा, आणि पहिल्या आठवड्यात नव्या वर्षाचे निदान चार दिवस हवेत. गेल्या वर्षी दोन्ही नंबर जुळत होते, म्हणून कुणाला पत्ता नाही. यंदा अख्ख्या आठवड्याचा फरक.

सांगू? सांगते तर! पॅकिंगवालीला काय कळतंय!

२ फेब्रुवारी

ऋत्विकने मुंबईहून मालकांना, शेठना, बोलावलंय. बेंजो पार्टी, हार, शिवथरची घळ दाखवायला गाडी. जर्मनांना कळवलं, "नवव्या आठवड्यात वाट बघतो." त्यांचं उत्तर, "हो, नवव्या आठवड्यात भेटू." दोघेही खूश!

मला विचारतो, "कालिंदीमावशी, काही राहिलं का हो?" मावशी म्हणे! म्हटलं, "काही नाही रे, सगळं झकास." जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

१७ फेब्रुवारी

झोप येत नाही. आनंदाने.

१९ फेब्रुवारी

साहेबांची दाढ दुखतेय. सोमवारी वीरला येणार नाहीत. छे! शेठसमोर त्यांचंच तर नाक कापायचं होतं. असो. आधी भाचा.

२१ फेब्रुवारी

आहाहा! गाडी आली, गाडी गेली. शेठ हार घेऊन उभे, बेंजो जोरात, आणि उतरली कोण – सुकटीची टोपली घेतलेली एक बाई! तिला वाटलं, आमदार आलाय. ती पण थांबली बघायला. ऋत्विक रिक्षावाल्यांना विचारत सुटला, "गोरा माणूस बघितलात का?" पॅकिंगमधली पोलादपूरची ठकूबाई ओवाळणीचं ताट धरून उभी होती. मला म्हणते, "बाय गो, गोरा आला नाय, पन बेंजोवाले दोनदा जेवले!" हसून हसून पोट दुखलं माझं.

संध्याकाळी शेठनी ऋत्विकला घरी बसवलं. कायमचं. जाताना डोळे पुसत होता. पुसू दे. मी मुद्दाम दारात उभी राहून बघितलं.

२८ फेब्रुवारी

जर्मन आला! वीरला मीच गेले, एकटी, रिक्षाने. हे कळताच शेठचा फोन आला – "खुर्ची पुन्हा तुमची." आता मामा राहिला. त्यालाही दाखवते.

१ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, पेढा पुढे केला. म्हणाले, "बहिणीच्या हट्टापायी घेतलेल्या पोराला घालवायचं कसं, सुचत नव्हतं. आठवड्यांचा घोळ त्याने फळ्यावर तारीख लिहिली त्याच दिवशी मी ओळखला होता. तुम्हीही ओळखलात, तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या कुणीही त्याला सांगितलं असतं, बाई. तुम्ही सांगणार नाही याची खात्री होती."

पेढा खाल्ला मी. थँक्यूसुद्धा म्हटलं – त्या माणसाला!